मुलांना करून पाहू द्या

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



बालभारतीच्या सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत दर एक-दोन पानांआड ‘करून पहा’ अशी चौकट येते. आपल्या खात्याच्या सगळ्या शासन निर्णयांत इतका सोपा, इतक्या स्वच्छ मराठीतला आदेश दुसरा सापडायचा नाही. आणि इतका बिनदिक्कत मोडला जाणाराही. वर्गात ती चौकट मोठ्याने वाचली जाते. ‘एक मेणबत्ती घ्या, ती पेटवा’ असे एक मुलगा खणखणीत आवाजात वाचतो, बाकीची मुले ओळीवर बोट ठेवून ऐकतात, मग निष्कर्षाची ओळ पेन्सिलीने अधोरेखित होते, कारण चाचणीत तेवढेच विचारतात. झाला प्रयोग.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आता आसपासच्या शाळा बोलावतील तेव्हा पिशवीत मेणबत्त्या, सुतळी, ओळंबा आणि हळद घेऊन जाते. त्यामुळे हे पत्र तक्रारीचे असले तरी ऐकीव माहितीवर लिहिलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे: या मुलांना प्रयोग करायला साहित्य कमी पडत नाही, मोकळीक कमी पडते. साहित्य आपण पाठवताच. मोकळीक मात्र कोणत्याच पेटीत घालून पाठवता येत नाही. ती वेळापत्रकात, परीक्षेत आणि नोंदवहीत द्यावी लागते.

नोंदवहीपासूनच सुरुवात करते. कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत जा आणि विज्ञान साहित्याची पेटी दाखवा म्हणा. ती असते. मुख्याध्यापकांच्या खोलीत, कपाटावर किंवा कपाटात, बऱ्याचदा मूळ चिकटपट्टीसकट. आत परीक्षानळ्या असतात, चंचुपात्र असते, नळकांडे, भिंगे, चुंबक, लिटमस. ती उघडत का नाहीत असे विचारले की गुरुजी कसनुसे हसतात आणि डेडस्टॉक रजिस्टर पुढे करतात. पाच रुपयांची परीक्षानळीही तिथे टेबल-खुर्चीच्या रांगेत नोंदवलेली असते. ती फुटली तर तपासणीला उत्तर द्या, निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू वहीतून वजा करण्याचा, प्रस्ताव करा, तो मंजूर होईपर्यंत काचा जपून ठेवा. अकरा वर्षांच्या मुलाच्या हातात काच दिली की ती कधीतरी फुटणारच. फुटू नये म्हणून सुरक्षित उपाय एकच, पेटी बंद ठेवणे. शिक्षक आळशी आहेत म्हणून पेट्या बंद आहेत असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर त्यांना एकदा निर्लेखनाचा प्रस्ताव करायला लावा.

एका परिपत्रकाने हे सुटेल. काच, रसायने, तारा, बल्ब, सेल या खडूसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तू आहेत असे जाहीर करा. खडू झिजला म्हणून आजवर कोणत्याही शिक्षकाला खुलासा द्यावा लागलेला नाही.

आता मोठ्या योजनांकडे येते. अटल टिंकरिंग लॅब ही केंद्राची योजना २०१६ पासून आहे. एका शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान, त्यात थ्री-डी प्रिंटर, रोबोटिक्सचे किट. मी तिच्या विरोधात नाही. जिथे उत्साही शिक्षक आहे तिथे मुले त्या खोलीतून हलत नाहीत, हे मी पाहिले आहे. इन्स्पायर-मानक पुरस्कारात कल्पना निवडली गेली की मुलाच्या खात्यावर १०,००० रुपये येतात. तेही चांगलेच. पण या सगळ्यांचा रोख शाळेतल्या निवडक मुलांवर असतो. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात काय दिसते ते आपल्याला उद्घाटनाची फीत कापताना दिसतेच: सिरिंजवर चालणारा जेसीबी, सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी, थर्माकोलचे पवनचक्कीचे गाव. शाळेतून एक उपकरण जाते, दोन मुले जातात, आणि त्या दोघांनीही ते पाठ केलेले असते. वर्गातल्या उरलेल्या तीस-पस्तीस जणांचे काय? त्यांच्यासाठी विज्ञान म्हणजे दुसऱ्याने केलेली गोष्ट.

हे नेमके याच वयात व्हावे, याचे मला जास्त वाईट वाटते. पाचवीपर्यंत पाने-फुले गोळा करणे, बिया मोजणे असे काही ना काही चालते. नववी-दहावीला प्रयोगशाळा असते, प्रयोगवही असते, दहावीच्या बोर्डात २० गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा असते. मधल्या तीन वर्षांना मात्र कोणी वाली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय हवे याची यादी आहे. वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकाची जागा, मैदान, कुंपण, ग्रंथालय. प्रयोगशाळा त्यात नाही. विज्ञान-गणिताला शिक्षक हवा असे तो कायदा म्हणतो, पण त्याने प्रयोग कुठे करावेत हे म्हणत नाही. ज्या हायस्कुलात प्रयोगशाळा आहे तिथे आठवीची मुले खिडकीतून आत डोकावतात. किल्ली प्रयोगशाळा सहायकाकडे, आणि त्याला ‘वरच्या वर्गांचे’ सामान सांभाळायचे असते.

शिष्यवृत्ती परीक्षेत भाषा, गणित, इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. विज्ञान नाहीच. एका अर्थी ही सुटका आहे. या इयत्तांच्या विज्ञानावर अजून क्लासवाल्यांची पुरती नजर पडलेली नाही. बोर्ड नाही, टक्केवारी नाही, प्रवेशाची धास्ती नाही. मुलांना चुकू देण्यासाठी याहून चांगली तीन वर्षे शाळेच्या आयुष्यात नाहीत. आणि तीच आपण अधोरेखित करण्यात घालवतो.

करून पाहण्याने काय वेगळे होते, असे आपले अधिकारी विचारतील. त्यांना मेणबत्तीचा प्रयोग दाखवा. ताटलीत पाणी, मधोमध पेटलेली मेणबत्ती, वरून उपडा ग्लास. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढते. कितीतरी गाइडांत आणि व्हिडिओंत याचे स्पष्टीकरण एकच: हवेत एक पंचमांश ऑक्सिजन असतो, तो जळून गेला, म्हणून पाणी एक पंचमांश चढले. ऐकायला झकास. मी वर्गात सहा-सहा मुलांचे गट करते आणि नुसते बघायला सांगते. पहिल्यांदा कोणीतरी म्हणते, बाई, जळताना पाणी फारसे चढत नाही, विझल्यावर एकदम चढते. मग दुसऱ्या गटातला एक जण म्हणतो, आमच्या ग्लासाच्या कडेने बुडबुडे आले. मग मी तीन मेणबत्त्या लावायला देते. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजनही तेवढाच. पाणी मात्र जास्त चढते. आता सांगा, एक पंचमांशाचे काय झाले?

वर्गात जी शांतता पसरते ती पाठांतराच्या शांततेपेक्षा फार निराळी असते. हळूहळू कोणाला तरी ते बुडबुडे आठवतात. ज्योतीने हवा तापली, फुगली, थोडी बाहेर निसटली; विझल्यावर आतली हवा गार होऊन आक्रसली आणि तिची जागा पाण्याने घेतली. ज्योत ग्लासातला सगळा ऑक्सिजन संपण्याच्या आधीच विझते हे मग मी सांगते, कारण ते मोजायला आमच्याकडे साधन नसते. एका तासात सातवीच्या मुलांनी छापील स्पष्टीकरण खोटे पाडले. यासाठी चार मेणबत्त्या आणि एक काडेपेटी लागली. डिजिटल फळ्यावर हाच प्रयोग तीन मिनिटांत दाखवता येतो, याची मला कल्पना आहे. पण व्हिडिओतला प्रयोग कधी फसत नाही, त्यात बुडबुडे कोणी बघत नाही, आणि तीन मेणबत्त्या लावून बघू का असे कोणी त्याला विचारू शकत नाही.

‘हे एखाद्या शाळेत ठीक आहे, राज्यभर कसे होणार?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच. तो शेजारच्या राज्यात सुटला होता. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये किशोर भारती या संस्थेने आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरने १६ सरकारी माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. तिकडे सहावी ते आठवीलाच माध्यमिक म्हणतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ, प्राध्यापक सुट्टीत येऊन गावच्या शिक्षकांबरोबर बसायचे. १९७८ मध्ये तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये त्यातूनच एकलव्य ही संस्था निघाली, आणि पुढे तो जिल्ह्याबाहेर शेकडो शाळांपर्यंत पोहोचला. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची पुस्तके होती. त्यांत निष्कर्ष छापलेले नव्हते, ते मुलांनी आपल्या वहीत लिहायचे. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची परवानगी, शिवाय प्रत्यक्ष प्रयोगाचीही परीक्षा. मुलांना काही विचारायचे असेल तर ‘सवालीराम’ या नावाने पत्र टाकायचे. सवालीराम कोणी खरा माणूस नव्हता, पण उत्तर खरे यायचे.

आपल्याकडे डॉ. जयंत नारळीकरांनी स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना जवळजवळ हेच सांगितले होते: पोस्टकार्डावर विज्ञानातला प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही येईल. एका माणसाने पदरच्या वेळात चालवलेले ते खाते होते. राज्याला ते चालवता येणार नाही असे मला वाटत नाही.

होशंगाबादचा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तीस वर्षे सरकारी शाळांत, सरकारी शिक्षकांनी, सरकारच्याच परवानगीने चाललेले काम एका निर्णयाने थांबले. मला त्यातून एवढेच दिसते की असे काम मुलांमुळे किंवा शिक्षकांमुळे अडत नाही. ते वरून चालू होते तसे वरूनच बंदही होते. म्हणून हे पत्र मुख्याध्यापकांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

त्या कार्यक्रमाचा एक धागा थेट पुण्याला येतो. टेल्कोतले एक अभियंते, अरविंद गुप्ता, १९७८ मध्ये रजा घेऊन होशंगाबादला गेले. आठवडी बाजारात हिंडताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचे तुकडे आणि काड्यापेटीतल्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण केला, चौकोन केला. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण होत नाही. पूल आणि मनोरे त्रिकोणांनी का बांधतात हे मुलाच्या बोटांना कळते. पुढे आयुका या खगोलशास्त्र संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून खेळणी करत मुलांच्या पिढ्या शिकवल्या. ती शोधिका पु. ल. देशपांडे यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून उभी राहिली, हे पुण्याबाहेर फारसे कोणाला माहीत नसते.

आणि पाबळ. पुणे जिल्ह्यातल्या या गावात १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकायचे, हा त्यांचा आग्रह. त्यातून आठवी ते दहावीसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय तयार झाला. मुले वेल्डिंग करतात, रक्तगट तपासतात, माती तपासतात, बांधकाम करतात. हे आपल्याच राज्यात, आपल्याच बोर्डाच्या मान्यतेने चालते. म्हणजे नवीन काही शोधून काढायची गरज नाही. आठवीला जे चालते ते सहावीला का थांबावे, एवढाच प्रश्न आहे.

परीक्षेबद्दल थोडे कडक बोलते. आकारिक मूल्यमापनात ‘प्रात्यक्षिक/प्रयोग’ असा रकाना २०१० पासून आहे. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात मार्चअखेर, कधी एप्रिलात, शिक्षक एका बैठकीत सगळ्या वर्गाचे ते गुण भरतात. मुलाने एकही प्रयोग केलेला नसताना त्याला दहापैकी आठ मिळालेले असतात. ही फसवणूक आहे, आणि ती शिक्षकाच्या हाताने करून घेतली जाते. रकाना काढून टाका, नाहीतर तो खरा करा. खरा करायचा तर वर्षातून एक दिवस बाहेरच्या शाळेतल्या शिक्षकाने यावे, मुलांपुढे साधे सामान ठेवावे आणि एक न शिकवलेला प्रश्न द्यावा. उदाहरणार्थ: या दोन दोऱ्यांपैकी जास्त वजन कोणता पेलेल हे शोधून दाखव. मूल काय मोजते, किती वेळा मोजते, उत्तरे वेगवेगळी आली तर काय करते, यावर गुण. बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ सहावी आणि नववीसाठी १९८१ पासून डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेते. तिच्यात लेखी परीक्षेनंतर प्रत्यक्ष प्रयोगांची फेरी असते. म्हणजे मराठी शाळांच्या शिक्षकांना असली परीक्षा घेता येते, हे चार दशके सिद्ध आहे. आता त्या स्पर्धेचेही क्लास निघाले आहेत, ते सोडा. क्लास निघणार नाही अशी गोष्ट या राज्यात अजून तयार व्हायची आहे.

वेळेचेही आहे. पुस्तक पूर्ण झाले का, हे केंद्रप्रमुख विचारतात. किती प्रयोग झाले, हे कोणी विचारत नाही. एक धडा कमी करा आणि त्याच्या तासिका ‘करून पहा’ला द्या, असे म्हटले तर पुस्तकमंडळातले तज्ज्ञ दुखावतील. दुखावू द्या. केंद्रशाळेच्या दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत माहिती भरण्याबद्दलच्या सूचना ऐकण्यात जो वेळ जातो, त्यातला अर्धा वेळ शिक्षकांनी पुढच्या महिन्याचे प्रयोग स्वतः करून बघण्यात घालवावा. ज्यांनी कला शाखेतून येऊन विज्ञान शिकवायला घेतले आहे, आणि असे बरेच आहेत, त्यांना भीती मुलांची नसते; प्रयोग फसला तर काय सांगायचे याची असते. बारा शिक्षकांनी एकत्र बसून तो एकदा फसवून पाहिला की ती भीती बरीच जाते.

आता एक ठोस प्रस्ताव मांडते. याला निधी लागत नाही.

शून्य सावली दिवसाची बातमी दरवर्षी येते. सूर्य डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. पण महाराष्ट्रात तो दिवस मे महिन्यात येतो आणि तेव्हा शाळांना सुट्टी असते. पुन्हा जुलैच्या आगेमागे येतो तेव्हा ढग असतात. जो दिवस मुलांना हमखास पाहता येत नाही त्याची आपण सर्वाधिक जाहिरात करतो. त्यापेक्षा २२ डिसेंबर घ्या. आकाश निरभ्र, परीक्षा दूर, दिवस वर्षातला सगळ्यात लहान, भर दुपारची सावली वर्षातली सगळ्यात लांब.

त्या दिवशी राज्यातल्या प्रत्येक शाळेने मैदानात बरोबर एक मीटरची काठी उभी करावी. ओळंबा लावून ती सरळ आहे ना हे बघावे, जमीन सपाट आहे ना हे गावच्या गवंड्याची पाणसळ आणून तपासावे. बारा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करावी. पहिला धक्का इथेच बसतो. घड्याळात बाराला सावली सगळ्यात लहान नसतेच. सावंतवाडीला ती साडेबारा वाजून गेल्यावर, १२.३३ च्या सुमारास लहानात लहान होते, नागपूरला १२.१२ च्या सुमारास. घड्याळ सगळ्या देशाचे एक, सूर्य मात्र प्रत्येक गावचा आपापला. हे भूगोलाच्या पुस्तकात रेखांशांच्या धड्यात आहे आणि मुलांना ते कधीच समजत नाही. अंगणात एका दुपारी समजते.

दुसरी गंमत लांबीत आहे. सावंतवाडीच्या मुलांना सर्वात लहान सावली सुमारे ८२ सेंटीमीटर मिळेल, नागपूरच्या मुलांना ९८-९९. आलेखाच्या कागदावर काठी आणि सावली दहाव्या हिश्शाने काढली की कोनमापकाने सूर्याचा कोन मोजता येतो. त्रिकोणमिती लागत नाही, सातवीचे मूल करते. दोन गावांच्या कोनांत साधारण सव्वापाच अंशांचा फरक पडतो. नकाशावर त्यांचे उत्तर-दक्षिण अंतर ५८० किलोमीटरच्या आसपास. रस्त्याचे नव्हे, सरळ उभे. सव्वापाच अंशांना एवढे अंतर, तर ३६० अंशांना किती? त्रैराशिक मांडले की पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या जवळपास निघतो. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी एरॅटोस्थेनीसने अलेक्झांड्रियात बसून मूळ कल्पना अशीच वापरली होती.

हे उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर येणार नाही, हे आधीच सांगते. काठीच्या टोकाची सावली कडेला पुसट होत जाते, नेमकी कुठे संपते यावर मुलांची भांडणे होतात. एक सेंटीमीटर इकडेतिकडे झाला तर पृथ्वीचा घेर दोन हजार किलोमीटरहून जास्त हलतो. कोणाला ३५,००० येईल, कोणाला ४७,०००. मग पुन्हा मोजायचे का, सगळ्यांची सरासरी काढायची का, काठीच्या टोकाला खिळा लावला तर कड जास्त स्पष्ट दिसेल का, जमीन तिरकी असली तर काय, असे वाद सुरू होतात. विज्ञानाचा तास खरा इथे सुरू होतो, आणि त्यासाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या शाळेला फोन करावा लागतो. गडचिरोलीच्या मुलांनी वेंगुर्ल्याच्या मुलांना ‘तुमची सावली किती?’ विचारावे, यासारखा सरकारी कार्यक्रम मला तरी दुसरा सुचत नाही.

परिपत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी निघाले तर शाळांना तयारीला वेळ मिळेल. त्यात एक गोष्ट मात्र कृपया घालू नका. त्या दिवसाचे फोटो आणि उपस्थितीची संख्या सायंकाळी पाचपर्यंत पोर्टलवर चढवण्याची सक्ती नको. फोटो मागितले की काठी फोटोसाठी उभी राहते, सव्वाबाराऐवजी साहेब येतील तेव्हा. मागायचेच असतील तर मुलांनी मोजलेले आकडे मागा, चुकलेल्यांसकट, आणि ते सगळे जसेच्या तसे छापून शाळांना परत पाठवा.

आपली नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका